लस आणि साथ



लस टोचून घेणारा स्वतः वाचतो, हे आता बहुतेकांना मान्य आहे. पण त्याच्यामुळे त्याचा शेजारीही वाचतो काय? रोग एका घरातून दुसऱ्या घरात जायचा थांबतो काय? हा प्रश्न मागे लातूरच्या एका सभेत एका गृहस्थांनी आम्हांस विचारला होता. तेथे वेळेअभावी दोन वाक्यांत उत्तर द्यावे लागले. आज नांदेडकरांपुढे तेच उत्तर सविस्तर मांडावे असा विचार आहे.

प्रश्न वरवर दिसतो तितका पुस्तकी नाही. लस केवळ घेणाऱ्यालाच राखत असेल, तर ती घ्यावी की न घ्यावी ही ज्याची त्याची मर्जी. छत्री घेतली नाही तर भिजेल तो एकटा. पण ती रोगाचा प्रसार रोखत असेल, तर गोष्ट छत्रीची न राहता गावच्या आडाची होते, आणि आडात कोणी काय टाकावे हे विचारण्याचा हक्क साऱ्या गावाला येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीची पहिली मात्रा निम्म्या लोकांनीही घेतली नव्हती अशा देशातील जिल्ह्यांत आपला नांदेड जिल्हा होता. त्याच महिन्यात औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, लस न घेतलेल्यास पेट्रोल आणि रेशन देऊ नये, असा हुकूम काढला. तो हुकूम योग्य की अयोग्य, हे ठरवायचे तर आधी आमच्या प्रश्नाचे उत्तर हवे.

सुरुवात देवीपासून करू. आपल्याकडे लस टोचण्याला ‘देवी काढणे’ असेच म्हणत, आणि सभेत पन्नाशी ओलांडलेले जे श्रोते आहेत त्यांच्या दंडावर त्याची खूण आजही असेल. देगलूर-बिलोलीकडे पोचम्मा, इकडे शितळादेवी. अंगावर फोड उठले की घरात फोडणी द्यायची नाही, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा. या चालीरीतींना हसण्याचे कारण नाही. डहाळा पाहून परका माणूस उंबऱ्याबाहेर थांबे, आणि तेवढा संसर्ग टळत असे.

जेन्नरच्या लसीपूर्वी आपल्या देशाच्या काही भागांत खऱ्या देवीच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या अंगात टोचण्याची रीत होती. टोचलेल्याला बहुधा सौम्य देवी येत आणि तो जन्माचा सुटे. पण त्या आठ-पंधरा दिवसांत त्याच्यापासून शेजाऱ्याला मात्र खऱ्या, जीवघेण्या देवी लागू शकत. म्हणजे टोचून घेणारा वाचला आणि साथ वाढली! जेन्नरने १७९६ मध्ये गोस्तनदेवीची लस काढली, तिचे मोठेपण येथेच आहे. तिने टोचलेला माणूस वाचतो, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला देवी लागत नाहीत. ही लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा प्रवास करीत मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. त्या मुलीच्या दंडावरील फोडातून पुढे इतरांना लस मिळाली. हिंदुस्थानातील लसटोचणीचा आरंभ त्या मुलीच्या दंडावर झाला.

मग देवी जायला आणखी पावणेदोनशे वर्षे का लागली? येथे थोडा हिशेब करावा लागेल. देवीचा एक रोगी, सभोवती सारेच असुरक्षित असतील, तर साधारण पाच जणांना रोग देतो असे धरा. त्या पाचांपैकी चौघांना देवी काढलेल्या असतील, तर रोग एकालाच लागेल. तो एक आणखी एकाला देईल; साथ रांगत राहील, पण वाढणार नाही. पाचांत चारांहून थोडे अधिक सुरक्षित झाले की एका रोग्यामागे सरासरी एकाहून कमी नवा रोगी निघतो आणि साथ आपोआप विझते. सगळ्यांना टोचावे लागत नाही, ही यातील गंमत. जे फार अशक्त आहेत, ज्यांना टोचता येत नाही, असे थोडे लोक इतरांच्या आडोशाने वाचतात.

पण सरासरी फसवी असते. तालुक्यात शंभरांपैकी नव्वद जणांना टोचले म्हणून दप्तरात नोंद होते. मात्र राहिलेले दहा तालुकाभर विखुरलेले नसतात. ते एका गल्लीत, एका तांड्यावर, एका पालावर एकत्र असतात. साथीला तालुका लागत नाही, तेवढी एक गल्ली पुरते. देवीनिर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९६२ मध्ये सुरू झाली, कोट्यवधी लोकांना टोचले गेले, तरी १९७४ मध्ये देशात देवीचे १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले. बिहारात तर कहर झाला. तेव्हा रोगी हुडकायचा, त्याला घरीच ठेवायचे आणि त्याच्याभोवतीची घरे, मग वाडी, मग आजूबाजूची गावे टोचून कडे करायचे, या मार्गावर सारी ताकद लावली गेली. रोगी दाखवणाऱ्यास पुढे हजार रुपयांचे बक्षीस लागले. देवीचा रोगी चेहऱ्यावरूनच ओळखू येतो, अंगावर पुरळ उठेपर्यंत तो फारसा संसर्ग देत नाही, संसर्ग झाल्यावर तीन-चार दिवसांत टोचले तरी लस काम करते, आणि हा रोग जनावरांत लपून बसत नाही. या चार गोष्टी जुळून आल्या म्हणून कडे टिकले. देशात उद्भवलेला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये बिहारात सापडला, आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. लसीने प्रसार थांबतो काय, याचे याहून ठसठशीत उत्तर नाही.

परंतु एका रोगाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवू नये. लसीचे पुष्कळ उत्साही कैवारी ही चूक करतात, आणि मग विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळते.

प्लेगचे पाहा. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा ताप आला. हाफकिन साहेबाने तेथेच लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा अनुभव घेतला. टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. माणूस मोठा खराच; परळच्या संस्थेला त्याचे नाव आहे ते उगाच नव्हे. पण गाठीचा प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे. माणसाला टोचले, उंदराला कोण टोचणार? ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेग पुन्हा दिसला, तेव्हा भिस्त लसीवर नव्हती. पिसवा मारणारी भुकटी आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या यांवर होती. ती वाट बरोबरच होती.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात. शेतकऱ्याने सुई घेतली तर तो वाचेल, शेजाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. ही खरी छत्रीची लस.

पटकीची कथा याहून बोधप्रद आहे. जत्रा, वारी आणि पटकी यांचे नाते जुने. नांदेडचा होला मोहल्ला असो, माळेगावची खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, माणसे जमली की जुन्या काळी आरोग्यखात्याच्या पोटात गोळा येई आणि पटकीच्या सुया निघत. दंड सुजे, रात्री कणकण येई, पण माणूस सुरक्षित झाल्याचे समाधान असे. ते समाधान बरेचसे फुकाचे होते. त्या सुईचे संरक्षण अर्धेमुर्धे आणि काही महिन्यांपुरते. शिवाय टोचलेल्याच्या पोटात जंतू वाढणे आणि तेथून पाण्यात जाणे तिने थांबत नव्हते. म्हणून १९७३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने प्रवाशांवरील पटकीच्या दाखल्याची सक्ती काढून टाकली. पटकी हटवण्याचे खरे श्रेय विहिरीत पडणाऱ्या टीसीएलला आणि नळाला द्यावे लागते. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आले, तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना पाणी आणि पोटाचे रोग यांचा संबंध आम्ही सांगायला नको. मात्र या कथेला एक पुढचा अध्याय आहे. तोंडाने घ्यायच्या पटकीच्या लशी नंतर निघाल्या. त्यांची एक चाचणी १९८५ मध्ये बांगलादेशात मतलब येथे झाली होती. वीस वर्षांनी तिचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की ज्या वस्त्यांत लस घेणारे अधिक होते, तेथे न घेणाऱ्यांनाही पटकी कमी झाली होती. त्याच रोगावर एक लस प्रसार रोखत नाही, दुसरी काही अंशी रोखते!

क्षयाच्या बी.सी.जी.वर आम्ही फार वेळ घेणार नाही. लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते, म्हणून ती दिलीच पाहिजे. पण मद्रासजवळ चेंगलपट्टू येथे अडीच लाखांहून अधिक माणसांवर १९६८ पासून जी चाचणी झाली, तिच्यात मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयाला या लसीने आळा बसल्याचे दिसले नाही. खोकून क्षय पसरवतात ते मोठेच. तेव्हा प्रसाराच्या बाबतीत बी.सी.जी.कडून आशा ठेवू नये.

पोलिओत मात्र थेंबांनी बाजी मारली. सुईने दिलेली लस मुलाला लुळेपणापासून वाचवते, पण विषाणू आतड्यात वाढणे तितकेसे थांबवत नाही. थेंब आतड्यातच पहारा बसवतात. उघड्यावर शौचाला बसण्याची सवय असलेल्या देशात हा भेद लाखमोलाचा ठरला. १९९५ पासून रविवारच्या रविवारी बूथ लागले. मुलांच्या बोटावर शाई आणि भिंतीवर खडूची खूण, हे दृश्य प्रत्येक गल्लीने पाहिले आहे. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळलेला रोगी शेवटचा ठरला. थेंबांतील विषाणू क्वचित उलटतो, हेही लपवू नये. त्यासाठीच २०१६ मध्ये थेंबांतून एक जात वगळली आणि जोडीला सुई आली.

आता कोरोना. त्या लशींनी मृत्यू फार टाळले, याविषयी आमच्या मनात शंका नाही. प्रसार? सुरुवातीस काही प्रमाणात कमी केला, काही महिन्यांत तो परिणाम ओसरला, आणि २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आल्यावर तर लस घेतलेल्या घरांतही रोग सर्रास फिरला. म्हणून पेट्रोलबंदीच्या हुकुमाविषयी आमचे मत असे की, लस घ्या हे सांगणे रास्त होते, पण शेजाऱ्याला वाचवण्याच्या नावाने रेशन अडवण्याइतका तो आधार भक्कम नव्हता. घरातल्या म्हाताऱ्याचा जीव वाचेल, एवढे खरे कारण दारोदार जाऊन सांगितले असते तर ते पुरेसे होते.

गोवराला मात्र ही सवलत नाही. गोवराचा एक रोगी पंधरा जणांना रोग देऊ शकतो. त्यातील चौदा सुरक्षित असल्याखेरीज साथ थांबत नाही. म्हणजे शंभरांत पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या पाहिजेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, तरी कोरोनाच्या काळात नेहमीचे टोचणे मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे साथ उसळून लेकरे दगावली.

तेव्हा लोक एक आक्षेप घेतात: “लस घेतलेल्यांनाही गोवर झालाच की!” होतो. शाळेत शंभर मुले आहेत, पंचाण्णवांनी दोन्ही मात्रा घेतल्या आहेत असे धरा. दोन मात्रांनी शंभरांत सत्त्याण्णव मुले सुरक्षित होतात, म्हणजे पंचाण्णवांत तीन कच्ची राहतात. साथ शाळेत शिरली तर ती तीन आणि न घेतलेली पाच, अशी आठ आजारी पडतील. आठांत तीन लस घेतलेले पाहून माणूस म्हणतो, लस कुचकामी. त्याने पंचाण्णवांत तीन आणि पाचांत पाच असे मांडून पाहावे.

आणि आमच्या मराठवाड्याची खरी अडचण लसीला विरोध ही नाहीच. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड्यांच्या टोळ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन पश्चिमेकडे व कर्नाटकात जातात, ती माणसे पाडव्याच्या सुमारास परततात. गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. पावसाळ्याच्या आरंभी जन्मलेल्या मुलाची पहिली मात्रा नेमकी फडातल्या कोपीवर असताना येते. दुसरी पुढच्या दिवाळीच्या सुमारास लागते, तेव्हाही कुटुंब निघालेले असते किंवा निघायच्या गडबडीत असते. इकडे आशाताईंच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो, तिकडच्या वहीत त्या मुलाचे नावच नसते. शंभरांतील जी पाच-सात मुले राहतात ती हीच, आणि सहा महिने ती एकाच कारखान्याच्या परिसरात, एकमेकांना लागून असलेल्या कोप्यांत राहतात. मघाशी जी गल्ली म्हटली ती हीच. लस कोणत्याही गावच्या सरकारी केंद्रात फुकट मिळते. माता-बाल कार्ड मात्र बरोबर लागते, म्हणजे मागचे काय झाले ते तिथल्या नर्सबाईंना कळते. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढतात त्या दिवशी ते कार्ड पिशवीत पडले की नाही हे मुकादमाने पाहावे, आणि कारखान्याने गाळपाच्या पहिल्या पंधरवड्यात आरोग्यखात्याला कोप्यांची यादी द्यावी, एवढी आमची सूचना आहे.