'स्पोर्टस्टर' : संकटांतून जन्मलेली मोटारसायकल

कांहीं यंत्रें भरभराटीच्या काळांत जन्मास येतात, तर कांहीं संकटांतून. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें १९५७ सालीं बाहेर आणलेली 'स्पोर्टस्टर' ही मोटारसायकल दुसऱ्या वर्गांतील होय.

दुसरें महायुद्ध संपल्यावर ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या इंग्लिश कारखान्यांच्या हलक्या, चपळ गाड्या अमेरिकेच्या बाजारांत शिरल्या. सप्टेंबर १९४९ मध्यें पौंडाची किंमत ४.०३ डॉलरांवरून २.८० डॉलरांवर आली आणि या गाड्या स्वस्तहि झाल्या. त्यांच्यापुढें अमेरिकन गाडी अवजड वाटे. तिचा गियर टांकीशेजारच्या दांड्यानें हातानें बदलावा लागे, क्लच पायानें दाबावा लागे, आणि मागील चाकास स्प्रिंगांचा आधार नसे. परदेशी गाड्यांवर ४० टक्के जकात बसवावी, असा अर्ज हार्ले कंपनीनें सरकारकडे केला. तो नामंजूर झाला. १९५३ सालीं तिची जुनी प्रतिस्पर्धी 'इंडियन' कंपनी हिनें स्प्रिंगफील्ड येथील मोटारसायकलींचें उत्पादन थांबविलें. जकातीचा आसरा नाहीं, तेव्हां उत्तर कारखान्यांतच शोधणें भाग होतें.

१९५२ ची 'के' गाडी हा त्या शोधाचा आरंभ. गियर पायाशीं आला, क्लच हाताशीं आला, मागील चाकास स्प्रिंगा मिळाल्या. इंजिन मात्र जुन्याच पद्धतीचें राहिलें. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूस असल्यामुळें पेट्रोल व हवेचें मिश्रण वळसा घेऊन आंत शिरे, आणि वेग वाढतांच इंजिनास जणुं धाप लागे. १९५४ सालीं दट्ट्याची धांव लांबवून इंजिन ८८३ घन सेंटिमीटरांचें केलें, तरी मूळ दोष राहिलाच.

'स्पोर्टस्टर'नें तो दूर केला. झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नेण्यांत आल्या. सिलिंडरचा व्यास वाढवून ३ इंच केला, आणि साडेचार इंचांहून किंचित् अधिक असलेली दट्ट्याची धांव पावणेचार इंचांच्या आसपास आणली. आकारमान तेंच राहिलें. परंतु रुंद सिलिंडरमुळें मोठ्या झडपांस जागा झाली, आणि आंखूड धांवेमुळें इंजिन अधिक वेगानें फिरूं शकलें. १९५८ मधील 'एक्सएलसीएच' हा प्रकार लहानशा टांकीचा व अंगानें हलका होता. तो लाथेनें सुरू करणें हें बळाचें काम होतें, तरी तरुणांस त्याचेंच वेड लागलें. पुढें याच इंजिनाच्या धर्तीवर १९७० सालीं शर्यतीची 'एक्सआर-७५०' तयार झाली. तिचें लोखंडी इंजिन फार तापे. १९७२ सालीं तें ॲल्युमिनियमचें केलें, आणि मातीच्या मार्गांवरील शर्यतींत तिनें कित्येक वर्षें वर्चस्व गाजविलें.

परंतु विजय चिरकाल टिकत नाहीं. १९६९ सालीं जपानच्या होंडा कंपनीची चार सिलिंडरांची, बटनानें सुरू होणारी 'सीबी ७५०' बाजारांत आली. त्याच वर्षीं हार्ले कंपनी 'एएमएफ' या मोठ्या उद्योगाच्या हातीं गेली आणि मालाचा दर्जा खालावला. १९८१ सालीं तेरा जणांनीं कर्ज काढून ती परत विकत घेतली. १९८३ मध्यें मोठ्या परदेशी गाड्यांवर सरकारनें जादा जकात बसविली. पूर्वीं नाकारलेलें संरक्षण आतां मिळालें. पण कंपनी त्यावर विसंबली नाहीं. १९८६ सालीं 'स्पोर्टस्टर'ला ॲल्युमिनियमचें नवें इंजिन मिळालें, किंमत ३,९९५ डॉलर ठेवण्यांत आली, आणि १९८७ सालीं ती जकात मुदतीपूर्वींच उठवावी, अशी विनंति खुद्द कंपनीनेंच केली.

हवेनें थंड होणाऱ्या 'स्पोर्टस्टर'चें उत्पादन २०२२ पर्यंत चाललें. २०२१ पासून तेंच नांव पाण्यानें थंड होणाऱ्या नव्या इंजिनाच्या गाडीस मिळालें आहे. साठांहून अधिक वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट सांगतो. जकातीनें कारखान्यास फार तर अवधि मिळतो. त्या अवधींत चांगलें यंत्र घडविणें, हें काम ज्याचें त्यासच करावें लागतें.