१९५९ ची पहिली कादंबरी



वर्षातली सर्वोत्तम कादंबरी कोणती, हा वाद आपल्याकडे वर्ष सरता सरता रंगतो. तेव्हा ज्याचा बोलबाला, त्याचंच पारडं जड. म्हणून मी आज जुनं वर्ष काढलंय, १९५९. त्या वर्षी दोन कादंबऱ्या आल्या. ‘ययाति’ आपल्या कोल्हापूरकर वि. स. खांडेकरांची, ‘फकिरा’ शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या, वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची.

पुरस्कार दोन्हींनाही मिळाले. ‘ययाति’ला १९६० साली साहित्य अकादमीचा, ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचा. पुढे १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलं, आणि वाद मिटल्यासारखा झाला.

मला तो मिटलेला वाटत नाही. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतःच्या तोंडानं सांगतात, ही ‘ययाति’ची मोठी खुबी. देवयानीचा राग आला की पुढच्याच प्रकरणात तिची बाजू पटते. पण राजा असो, राणी असो की दासी झालेली राजकन्या, तिघंही बोलतात खांडेकरांच्याच अलंकारिक भाषेत.

‘फकिरा’ उघडा. जोगणी म्हणजे जत्रेचा मान; ती ज्या गावात, जत्रा त्या गावात. ती शिगावहून वाटेगावला आणायला राणोजी मांग निघतो आणि त्यापायी जीव गमावतो. ज्याला गाव कुसाबाहेर ठेवतं, तोच गावाचा मान राखायला मरतो! अण्णा भाऊ यावर भाष्य करत बसत नाहीत. गोष्टीचा घोडा पुढे काढतात. मग राणोजीचा मुलगा फकिरा दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्य लुटतो, इंग्रजांशी भिडतो. उणिवा आहेतच: नायक फारच निर्दोष, प्रसंगांची घाई. पण ती माणसं वाचकाला सोडत नाहीत. आणि गंमत पाहा, या ‘फकिरा’ला प्रस्तावना आहे ती खांडेकरांची!

पुराणातली पात्रं स्वतः बोलती करण्याची वाट पुढे १९६७ साली आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये धरली. ‘फकिरा’ची वाट धरणं इतकं सोपं नव्हतं, तिला तो मुलूख आणि ते जगणं अंगावर काढलेला लेखक लागतो. म्हणून माझ्या लेखी १९५९ चा पहिला मान ‘फकिरा’चा, दुसरा ‘ययाति’चा.

पटत नसेल, तर वाचनालयातून दोन्ही एकदमच आणा. आधी ‘फकिरा’ वाचा.