मकतबातील परीक्षा



पुण्यातल्या आमच्या कात्रज-कोंढवा भागात, शाळा आटोपून सायंकाळी मकतबाकडे, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाकडे, निघालेली मुले हा नित्याचा देखावा आहे; सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदाने वर्ज्य असल्यामुळे, ते बहुधा मशिदीच्या आश्रयानेच होते.

तेथील परीक्षेचा जुना शिरस्ता विलक्षण आहे. सगळी मुले आपापला सबक (पाठ) एकाच वेळी मोठ्याने म्हणत असता उस्ताद समोरच्याचे ऐकतात आणि मागल्या रांगेतल्याची चूक जागच्या जागी पकडतात. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय. पण त्यातला पहिला वर्ण पडजिभेपाशी न उमटता आपल्या मराठी ‘क’सारखा उमटला, की अरबीत हृदयाचा कुत्रा होतो!

2020च्या टाळेबंदीत मकतबे बंद पडली आणि गूगल फॉर्मसारखी साधने अनेक शिक्षकांच्या हाती आली. फजरच्या (पहाटेच्या) नमाजाचे फर्ज, म्हणजे अनिवार्य, रकात (आवर्तने) किती, कुराणाचे पारे (भाग) किती, एवढ्यापुरती ती उत्तम. 2 आणि 30 ही उत्तरे यंत्राने तपासल्याने काही बिघडत नाही, उस्तादांचा वेळ मात्र वाचतो.

परंतु कात्रजचा घाट ओलांडून दोन दिवसांसाठी कोल्हापूरला गेलेल्या मुसाफिराने जुहरचे (दुपारच्या नमाजाचे) फर्ज किती पढावेत, असे विचारले तर? हनफी घरातला मुलगा दोन म्हणेल, कारण त्याच्या मजहबात (धर्मशास्त्राच्या परंपरेत) प्रवासातली कसर, म्हणजे चार रकातींच्या जागी दोनच पढणे, आवश्यकच आहे. शेजारची कोकणी मुलगी शाफई मजहबाची, तिच्याकडे ती सवलत असल्याने दोनही चालतात आणि चारही. उत्तरतालिकेत मात्र खूण एकच, आणि घरी वडिलांनी नीट शिकविलेले एकाचे उत्तर फुकट लाल होते.

त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर आवाज मुद्रित करून पाठविण्याची साधी सोय मकतबाच्या प्रकृतीला अधिक मानवते, असे माझे मत आहे. म्हणण्याच्या ओघात जी चूक मुलाला ऐकू येत नाही, ती त्याला निवांतपणे ऐकता येते. आणि गेल्या महिन्याचे पठण आजच्या पठणाशेजारी ठेवून जी पारख होते, ती वहीतल्या ‘ठीक’ या शेऱ्याने कधीच साधली नव्हती. पठण ऐकून गाळलेला शब्द दाखविणारी ॲपेही निघाली आहेत. हिफ्जच्या (कुराण-पाठांतराच्या) उजळणीला ती खुशाल वापरावीत, उच्चाराचा निवाडा मात्र उस्तादांकडेच ठेवावा. कसरीचा प्रश्न फॉर्ममधून काढून तोंडी विचारावा, आणि त्या दोघांना आपापल्या घरची रीत एकमेकांसमोर सांगू द्यावी.