वंशवृक्ष आणि घराचा उंबरठा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कुलवृत्तान्ताच्या कामासंबंधी मी आपणांसमोर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा मला संकोचच वाटला. मी इतिहाससंशोधक नव्हे. सेवानिवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून मी कुळातील नावे जमवू लागलो आणि पाहता पाहता त्या छंदाने मला पुरते झपाटले. आपल्यापैकी पुष्कळांना हेच व्यसन जडले आहे, हे मी जाणतो. पूर्वी या कामासाठी शेकडो पोस्टकार्डे लिहावी लागत आणि गावोगाव हिंडावे लागे. आज व्हॉट्सॲपवरील कुळाच्या गटात एक प्रश्न विचारला, की नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतच्या आप्तांची उत्तरे दिवस मावळण्याच्या आत हाती येतात. सोय मोठी झाली यात संशय नाही. परंतु या सोयीच्या पाठोपाठ एक प्रश्नही आपल्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. कुळाच्या वृत्तान्तात काय उघड करावे, काय राखून ठेवावे, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

आरंभीच सांगतो, की मी उघडेपणाचा पक्षपाती आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. ती माला ज्या कागदांवर उभी राहिली, ते कागद लोकांच्या माळ्यांवर आणि घरोघरच्या दप्तरांत पडून होते. पुढे १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही अशाच कागदांच्या जतनासाठी व अभ्यासासाठी. ज्या घरांनी आपली दप्तरे उघडली, त्यांचे ऋण महाराष्ट्राच्या इतिहासावर आहे. ज्यांनी ती मिटून ठेवली, त्यांच्या दप्तरांचा उपयोग वाळवीखेरीज कोणास झाला असेल, असे वाटत नाही.

याचे एक उदाहरण माझ्याच नात्यात घडले. आमच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चाळीस वर्षे खपून कुळाची माहिती गोळा केली होती. पण एक पानही ते कोणास दाखवीत नसत. “छापून आल्यावर पाहा,” एवढेच म्हणत. छापण्याचा योग आला नाही. ते वारले, घर रिकामे करण्याची वेळ आली, आणि त्यांची ट्रंक रद्दीवाल्याकडे गेली. आठ पिढ्यांची नावे तराजूत तोलली गेली. ज्या छंदात कोणी कोणास काही देत नाही, तो छंद त्या माणसाबरोबरच सरणावर जातो, हा धडा मी त्या दिवशी घेतला.

तो धडा मी जरा अधिकच मनावर घेतला. माझ्या हातून जे घडले, ते आता सांगतो. संबंधितांच्या मुलांनी अनुमती दिली आहे. नावगाव मात्र मी सांगणार नाही.

माझ्या नात्यातील एका काकूंचे पहिले लग्न एकोणिसाव्या वर्षी झाले होते आणि दीड वर्षाच्या आत त्यांचे पती विषमज्वराने वारले. काही वर्षांनी त्यांचा पुनर्विवाह झाला, संसार फुलला, नातवंडे झाली. पहिल्या लग्नाची पत्रिका मला जुन्या कागदांत सापडली. नवीन दुवा हाती लागल्याचा आनंद ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना माझ्या मनाची अवस्था समजेल. त्याच रात्री मी पत्रिकेचे छायाचित्र कुळाच्या गटावर धाडले. गटात दोनशेवर माणसे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीने निरागसपणे विचारले, “ही आपली आजीच का?” काकूंच्या मुलांना पन्नास वर्षांत ही गोष्ट कधी कळली नव्हती.

दुपारी काकूंचा दूरध्वनी आला. त्या रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पत्रिका खरी आहे. तू खोटे काही लिहिले नाहीस. पण ते सांगायचे माझे होते रे, तुझे नव्हते.”

मी ते छायाचित्र तत्काळ काढून टाकले. परंतु तोवर ते आणखी तीन गटांत जाऊन पोहोचले होते. घरात कोणी नको ते बोलून गेले, तर वडीलधारी मंडळी विषय बदलतात आणि शब्द हवेत विरून जातो. येथे तो विरत नाही. त्याची प्रत निघते, आणि प्रतीची प्रत निघते.

“आपल्याच माणसांत कसली आली आहे गुप्तता?” असे कोणी विचारील. मीही तेव्हा असेच म्हणत होतो. पण दोनशे माणसांच्या गटाला घर म्हणता येत नाही. तो चव्हाटाच होय. त्यातील निम्म्यांना आपण ओळखतही नसतो. जिवंत माणसाची पूर्ण जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव, मुलेनातवंडे कोणत्या शहरी असतात, एवढी माहिती कुलवृत्तान्ताच्या एका पानावर मिळते. ओळख पटविण्यासाठी हेच प्रश्न विचारले जाण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दूरध्वनीवरून फसविणाऱ्या ठगांना नातवाचे नाव ठाऊक असणे म्हणजे अर्धे काम झाल्यासारखेच असते. आपण प्रेमाने लिहिलेले पान त्यांच्या हाती गेले, तर ते प्रेमाने वाचले जाणार नाही.

परदेशात हा छंद आपल्यापेक्षा पुढे गेला आहे, आणि त्याचे परिणामही तेथे आधी दिसले. लाळेच्या चाचणीवरून दूरदूरचे आप्त शोधण्याची तेथे मोठी हौस आहे. जेडमॅच या नावाच्या संकेतस्थळावर अशा हौशी लोकांनी आपले जनुकीय अहवाल एकमेकांसाठी ठेवले होते. २०१८ साली कॅलिफोर्नियातील पोलिसांनी त्या भांडारात दूरच्या आप्तांचा शोध घेत घेत १९७० व १९८० च्या दशकांतील एका नराधम खुन्यास गाठले. खुनी सापडला, याचा कोणास आनंद होणार नाही? तथापि ज्यांनी आपले अहवाल पणजोबा शोधण्यासाठी दिले होते, त्यांना असा उपयोग होईल याची कल्पना नव्हती. पुष्कळ वादानंतर २०१९ मध्ये त्या स्थळाने नियम बदलला, आणि जो सभासद स्वतःहून होकार देईल, त्याचाच अहवाल पोलिसांच्या शोधासाठी खुला राहील असे ठरविले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकन कंपनीकडील सुमारे १४,००० खात्यांत २०२३ साली चोरांनी प्रवेश मिळविला. सभासदांनी दुसरीकडे वापरलेलेच परवलीचे शब्द येथेही वापरले होते, एवढेच निमित्त. पण त्या खात्यांना नातेवाईक दाखविण्याची जी सोय जोडलेली होती, तिच्या वाटेने सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली. १४,००० दारे निष्काळजीपणे उघडी राहिली आणि ६९ लाखांच्या घरांत चोर डोकावले! वंशवृक्षात कोणाचीही माहिती एकट्याची नसते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

मग काय, सारे झाकूनच ठेवावे? मुळीच नाही. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपले जुने कुलवृत्तान्त उघडून पाहा. पुत्रांची नावे पिढ्यान्‌पिढ्या दिली आहेत, पण कन्यांचा उल्लेख कित्येक ठिकाणी ‘अमुक घरी दिली’ एवढाच. कोठे तेवढाही नाही. कोणी ज्ञातीबाहेर विवाह केला, तर त्याची शाखा तेथेच खुंटल्यासारखी दाखविलेली. त्यांपैकी कोणी ‘माझे नाव गाळा’ असे सांगितले नव्हते. त्यांना न विचारता दुसऱ्यांनी गाळले. याला मर्यादा म्हणता येत नाही, ही लपवाछपवी आहे. ज्याची गोष्ट त्याने राखून ठेवली, तर ती त्याची मर्यादा. दुसऱ्याने ती दडपली, तर तो अन्याय. आणि दुसऱ्याने ती चव्हाट्यावर मांडली, तर तोही अन्यायच. काकूंची गोष्ट मी उघड केली आणि कन्यांची नावे पूर्वजांनी गाळली, या दोन चुकांचे मूळ एकच आहे. जिची गोष्ट, तिला कोणीच विचारले नाही.

आपल्या परंपरेत याचे उत्तर पूर्वीच सापडते. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिक क्षेत्री आपण कुळाचे नाव व मूळ गाव सांगितले, की तीर्थोपाध्याय नामावळीची वही काढतात आणि तीत पणजोबांच्या हातचे अक्षर पाहून आपले डोळे भरून येतात. त्या वहीची व्यवस्था पाहा. आलेल्या यात्रेकरूने आपली व आपल्या घरची नावे स्वतः लिहावयाची अथवा समक्ष सांगून लिहवून घ्यावयाची. आणि पुढे जो कूळ व गाव सांगेल, त्याच्यापुढे ते पान उघडावयाचे. नोंद शतकानुशतके टिकली, पण भिंतीवर चिकटविली गेली नाही.

काळाची मर्यादा सरकारेही पाळतात. इंग्लंडमधील १९२१ च्या जनगणनेतील माणसांच्या नोंदी १०० वर्षे बंद राहून जानेवारी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे; म्हणून १९५० च्या नोंदी १ एप्रिल २०२२ रोजी पाहावयास मिळाल्या. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी पाहण्यास मनाई आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या माहितीच्या वापरास तो कायदा लागू होत नाही. म्हणजे कायदा आपल्या उंबरठ्यापाशी येऊन थांबतो. त्याच्या आत आपला विवेक हाच कायदा.

तेव्हा कुलवृत्तान्ताचे काम करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींपुढे, माझ्या अल्पमतीप्रमाणे, चार पथ्ये ठेवतो.

पहिले हे, की दिवंगतांची नोंद पूर्ण करावी व ती सर्वांस खुली असावी. मात्र तिचा घाव एखाद्या जिवंत माणसास लागत असेल, तर त्याला आधी विचारावे. जिवंतांचे केवळ नाव व नाते द्यावे, तेही त्यांना पूर्वसूचना देऊन. जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय, छायाचित्र हे ज्याचे त्याने स्वतः दिले तर घ्यावे. लहान मुलांची माहिती तर आईबापांनीही हात राखूनच द्यावी.

दुसरे, परवानगी आधी मागावी. छापून झाल्यावर मागितलेली परवानगी ही परवानगी नव्हे, ती क्षमायाचना होय. आणि कोणी ‘नको’ म्हणाले, तर ‘का नको’ असे विचारू नये. सून घरात आली म्हणून तिच्या माहेरचा इतिहास आपल्या मालकीचा होत नाही.

तिसरे, जमविणे आणि दाखविणे ही दोन वेगळी कामे आहेत. नाजूक गोष्टी नष्ट करू नयेत. त्या लिहून, पाकिटात घालून मोहोरबंद कराव्या, वर उघडण्याचे वर्ष लिहावे आणि ते पाकीट कोठे आहे, हे निदान दोघांना ठाऊक असावे. ट्रंक रद्दीत जाणे नको आणि पत्रिका गटावर जाणेही नको.

चौथे, संकलकाने स्वतः मात्र पूर्ण उघडे असावे. माहिती कोणाजवळ आहे, कोण ती पाहू शकतो, चूक झाल्यास कोणास कळवावे आणि नाव काढून घ्यावयाचे तर कसे, हे पहिल्याच पानावर छापावे. जो दुसऱ्यांची माहिती मागतो, त्याने आपले हात झाकून ठेवू नयेत.

काकूंची हकीकत मी अर्धीच सांगितली. त्या दूरध्वनीनंतर सात-आठ महिन्यांनी त्यांनी मला घरी बोलावले. दरम्यान त्यांनी मुलांना जवळ बसवून सारे सांगितले होते. मला म्हणाल्या, “वही आणली आहेस ना? आता नीट लिहून घे. मी आहे तोवर कोणाला दाखवू नकोस. मी गेल्यावर मात्र लिही. त्यांना मूलबाळ नव्हते. माझ्यामागे त्यांचे नाव घेणारे कोणी उरणार नाही.” आणि मग त्या दोन तास बोलत होत्या. त्या दीड वर्षाच्या संसाराविषयी पन्नास वर्षांत त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी काकू निवर्तल्या. त्यांच्या थोरल्या मुलाने ते पान स्वतः वाचून दुरुस्त केले आणि मगच ते वृत्तान्तात समाविष्ट झाले. वंशवृक्षावर त्यांच्या नावाशेजारी आता दोन नावे आहेत. त्यांतले पहिले नाव मी त्या रात्री उतावीळपणे गटावर टाकले होते, तेव्हा ते चोरीचे होते. आज ते तेथे आहे, ते त्यांच्या शब्दाने आहे.

आपल्या कुळाची वही आपण सर्वांनी मिळून लिहावयाची आहे. ती लिहिताना ज्याचे पान त्याच्या हाती लेखणी देण्याइतका धीर आपण धरू या, एवढीच माझी विनंती.