छापा, काटा आणि प्रवेशपरीक्षा

पदवी पदरांत पडल्यावर पुढील शिक्षणासाठीं अमेरिकेस जाऊं इच्छिणाऱ्या तरुणांना जी. आर. ई. नांवाची परीक्षा पुष्कळदां द्यावी लागते, आणि मुंबईपुण्याच्या सुशिक्षित घरांत हें नांव आतां कोणालाहि नवें राहिलेलें नाहीं. २०२३ सालच्या सप्टेंबरपासून ही परीक्षा आंखूड झाली. तींत गणिताचे दोन विभाग असतात. पहिल्यांत १२ प्रश्न व २१ मिनिटें, दुसऱ्यांत १५ प्रश्न व २६ मिनिटें. म्हणजे २७ प्रश्नांस ४७ मिनिटें. एका प्रश्नाच्या वांट्यास पुरतीं पावणेदोन मिनिटेंहि येत नाहींत.

ह्या प्रश्नांपैकीं संभाव्यतेचे प्रश्न थोडेच असतात, परंतु त्यांची दहशत मात्र त्यांच्या संख्येच्या मानानें फार मोठी. भूमितींत तरबेज असलेला मुलगा फासे आणि पत्ते दिसले कीं गांगरतो. वस्तुतः महाराष्ट्रांत दहावीच्या बीजगणितांतच संभाव्यतेचें प्रकरण शिकविलें जातें, आणि ह्या परीक्षेस लागणारें गणित अपूर्णांकांच्या बेरजेगुणाकारापलीकडे फारसें जात नाहीं. शिवाय पडद्यावर एक गणकयंत्रहि उमेदवाराच्या दिमतीस असतें. मग अडतें कोठें? अडतें तें आकडेमोडींत नव्हे. अडतें तें प्रश्न वाचण्यांत आणि प्रकार मोजण्यांत.

सूत्र एका ओळीचें आहे: अनुकूल प्रकारांच्या संख्येस एकूण प्रकारांच्या संख्येनें भागावें. शिकवणीच्या वर्गांत हें पहिल्याच दिवशीं पाठ करून घेतात. त्यांतील एक अट मात्र घाईनें उरकली जाते. मोजलेले सर्व प्रकार सारख्याच शक्यतेचे असले पाहिजेत, ही ती अट. तिच्याकडे कानाडोळा केल्यानें केवढा मोठा माणूस फसूं शकतो याचें उदाहरण दालांबेर ह्या फ्रेंच गणितज्ञाचें आहे. नाणें दोनदां फेकलें असतां निदान एकदां तरी छापा पडण्याची संभाव्यता किती, हा त्याच्यापुढील प्रश्न. १७५४ सालीं फ्रेंच विश्वकोशांतील एका लेखांत त्यानें असा पक्ष मांडला कीं, पहिल्याच वेळीं छापा पडला तर खेळ तेथेंच संपला. नाहीं तर काट्यानंतर छापा, किंवा काट्यानंतर पुन्हां काटा. एकूण प्रकार तीन, अनुकूल दोन, उत्तर २/३. खरें उत्तर ३/४ आहे. कारण पहिल्याच वेळीं छापा पडणें हा प्रकार उरलेल्या दोहोंपैकीं प्रत्येकाच्या दुप्पट शक्यतेचा आहे. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असे चार प्रकार कागदावर मांडले असते तर हा वाद उद्भवताच ना.

आजचा विद्यार्थी हीच चूक फाशांच्या बाबतींत करतो. दोन फाशांची बेरीज २ पासून १२ पर्यंत ११ प्रकारची येते, म्हणून ७ येण्याची संभाव्यता १/११, असें तो बेलाशक लिहितो. त्यानें एकदां तरी सहा उभ्या व सहा आडव्या ओळींचा ३६ घरांचा तक्ता स्वतःच्या हातानें काढावा आणि प्रत्येक घरांत बेरीज लिहावी. १२ हा आंकडा एका कोपऱ्यांत एकटाच बसलेला दिसेल आणि ७ हा आंकडा तिरप्या रेषेवर सहा घरें व्यापून बसलेला दिसेल. छापील तक्ता पाहून ही गोष्ट मनांत ठसत नाहीं; काढावाच लागतो.

तीन फाशांची गोष्ट याहून मौजेची आहे. इटलींतील जुगाऱ्यांना असा अनुभव आला होता कीं, बेरीज ९ येण्यापेक्षां १० किंचित् अधिक वेळां येते. पण दोन्ही आंकडे तर सहा-सहा रीतींनीं जुळतात! गॅलिलिओनें ह्या कोड्याचा उलगडा केला. १, २, ६ हे तीन आंकडे तीन फाशांवर सहा तऱ्हांनीं पडूं शकतात. १, ४, ४ तीनच तऱ्हांनीं. आणि ३, ३, ३ एकाच तऱ्हेनें. असें मोजीत गेल्यास एकूण २१६ प्रकारांत ९ चे २५ भरतात आणि १० चे २७. दोनशेंसोळांत दोहोंचा फरक नुसत्या अनुभवानें टिपण्यास त्या मंडळींनीं फासे किती वेळां फेकले असतील, आणि त्यापायीं किती द्रव्य घालविलें असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं.

‘निदान एक’ हे दोन शब्द प्रश्नांत आले कीं विद्यार्थ्यानें सावध व्हावें. फासा चार वेळां फेकला तर निदान एकदां ६ पडण्याची संभाव्यता किती? चार वेळां १/६, म्हणजे ४/६, असें उत्तर अनेकांच्या लेखणींतून सहज उतरतें. त्यांनीं फासा सात वेळां फेकून पाहावा; त्यांच्या रीतीनें उत्तर ७/६ येईल, आणि एकाहून मोठी संभाव्यता जगांत कोठेंहि नसते. येथें प्रश्न उलटा करावा. एकदांहि ६ न पडण्याची संभाव्यता ५/६ चा चार वेळां गुणाकार, म्हणजे ६२५/१२९६. ती १ मधून वजा केली कीं ६७१/१२९६ उरतात. निम्म्याहून किंचित् अधिक. मात्र दोन फासे २४ वेळां फेकून निदान एकदां दोहोंवर ६ पडेल अशी पैज लावणारा किंचित् तोट्यांत राहतो. हें कोडें एका फ्रेंच सरदारानें पास्कालपुढें ठेविलें होतें. १६५४ सालीं पास्काल आणि फेर्मा यांच्यांत जो पत्रव्यवहार झाला, त्यांतून ह्या शास्त्राची पायाभरणी झाली असें मानतात.

आतां पिशवींतील चेंडूंकडे वळूं. पिशवींत ५ तांबडे व ३ निळे चेंडू आहेत; दोन काढावयाचे आहेत. पहिला परत टाकून दुसरा काढला तर दोन्ही तांबडे येण्याची संभाव्यता २५/६४. परत न टाकतां काढला तर ५/८ गुणिलें ४/७, म्हणजे २०/५६. ‘एकदम दोन काढले’ असें लिहिलें असेल तर तें परत न टाकण्यासारखेंच समजावें. पुष्कळ मुलें ह्या शब्दाशीं उगाच अडखळतात. एक तांबडा आणि एक निळा हवा असेल तर ५/८ गुणिलें ३/७ येवढ्यावर थांबूं नये. आधीं निळा आणि मग तांबडा हाहि प्रकार तितकाच खरा आहे, म्हणून दुप्पट करून ३०/५६ घ्यावे. दोन्ही निळे येण्याची संभाव्यता ६/५६. तिन्हींची बेरीज ५६/५६, म्हणजे बरोबर १ भरते. हा ताळा करण्यास दहा सेकंद लागतात, आणि दुप्पट करावयास विसरलेला विद्यार्थी येथेंच सांपडतो. ज्या प्रश्नांत उत्तराचा अपूर्णांक स्वतः लिहावयाचा असतो, तेथें त्यास संक्षिप्त रूप देण्याचीहि सक्ती नाहीं. २०/५६ हें ५/१४ इतकेंच ग्राह्य आहे.

ह्या परीक्षेंतील एक प्रश्नप्रकार खरोखर कसोटीचा आहे. दोन राशी देऊन त्यांतील मोठी कोणती हें विचारतात, आणि चौथा पर्याय असा असतो कीं, दिलेल्या माहितीवरून सांगतां येत नाहीं. समजा, एका घटनेची संभाव्यता ०.५ आणि दुसरीची ०.४ आहे. दोहोंपैकीं निदान एक घडण्याची संभाव्यता ०.८ हून अधिक कीं कमी? घटना एकत्र घडूंच शकत नसतील तर उत्तर ०.९. त्या परस्परस्वतंत्र असतील तर ०.७. दुसरी घटना पहिलींतच सामावलेली असेल तर अवघें ०.५. प्रश्नांत यांपैकीं कांहींच सांगितलेलें नसेल तर चौथा पर्याय हेंच उत्तर होय. परस्परस्वतंत्र घटना आणि एकत्र न घडणाऱ्या घटना ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, नव्हे जवळजवळ विरुद्ध आहेत. एक घडली कीं दुसरी घडणें अशक्यच होत असेल, तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र कशा?

सराव कसा करावा याविषयीं घरोघर एकच हट्ट दिसतो: रोज पन्नास उदाहरणें, तीं घड्याळ लावून. पांच पुरेत. पहिले कांहीं दिवस घड्याळ दूर ठेवावें, आणि आंकडे मांडण्यापूर्वीं तीन गोष्टी शब्दांत लिहाव्या: काय मोजावयाचें आहे, वस्तु परत टाकली जाते कीं नाहीं, आणि क्रमाला महत्त्व आहे काय. मग उत्तर निम्म्याहून अधिक येईल कीं कमी, हा अंदाज करावा. ही संवय लागल्यावर वेग आपोआप येतो; आधीं वेग धरणाऱ्याला संवय कधींच लागत नाहीं. पालकांनीं मदत करावयाचीच असेल तर पत्त्यांचा जोड काढून द्यावा. ५२ पानांतून इस्पिक किंवा राजा येण्याची संभाव्यता १७/५२ न म्हणतां १६/५२ कां म्हणावी, हें इस्पिकचा राजा हातांत धरला म्हणजे लगेच समजतें.

परीक्षेच्या खोलींत संभाव्यतेचा आणखी एक प्रश्न उमेदवारापुढें उभा राहतो, आणि तो छापलेला नसतो. उत्तर येत नसेल तर अंदाजानें खूण करावी काय? जी. आर. ई.मध्यें चुकीच्या उत्तराला दंड नाहीं, तेव्हां कोरा प्रश्न सोडणें हा शुद्ध तोटा. आपल्याकडील व्यवस्थापनशास्त्राच्या कॅट परीक्षेंत मात्र पर्यायी प्रश्नाच्या बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण कापला जातो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारांपैकीं एकदां ३ मिळणार आणि तीनदां एकेक जाणार. सरासरी लाभ शून्य. एक पर्याय निश्चितपणें खोडतां आला तर ही सरासरी प्रत्येक प्रश्नामागें १/३ गुण होते, आणि दोन खोडतां आले तर पूर्ण १ गुण.