हळदीच्या मुलखातील कंपनी आणि तिचा कारभारी

शहरातील घरात हळद चिमटीने मोजतात. एकदा भरलेला डबा महिना-दोन महिने पुरतो, आणि बाजारात क्विंटलामागे हजार-दोन हजारांचे अंतर पडले तरी त्या चिमटीत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापुरास मात्र ह्याच अंतरावर मुलीचे लग्न, मुलाचे पुण्यातील शिक्षण किंवा विहिरीचे राहिलेले काम अवलंबून असते. औंढा नागनाथाहून वसमतकडे जाताना लागणारे हे गाव भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंस परिचित आहे. शेतमालाच्या व्यापाऱ्यास ते परिचित आहे ते ह्या मुलखात पिकणाऱ्या हळदीमुळे. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ह्या धरणांनी ह्या टापूत पाणी आणले, काळ्या जमिनीने साथ दिली, आणि हिंगोलीचा संत नामदेव हळद मार्केट यार्ड व वसमतची बाजारपेठ ही दोन्ही नावे सांगली-निजामाबादच्या पंक्तीत घेतली जाऊ लागली. 2024 साली वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले.

मानांकन मिळाले म्हणजे पैसा मिळाला असे मात्र नव्हे. मानांकन नावास मिळते. पैसा ज्याच्या हाती माल असतो त्यास मिळतो. आणि माल शेतकऱ्याच्या हाती फार काळ राहत नाही, हीच ह्या सर्व प्रकरणाची ग्यानबाची मेख आहे.

मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर बेणे लागते. पुढे आठ-नऊ महिने पाणी, खत, भांगलण, करपा आणि कंदकूज ह्यांच्याशी झुंज. माघ-फाल्गुनात पाला वाळतो, कंद खणून काढतात, कढईत अथवा वाफेच्या बॉयलरमध्ये शिजवितात, पंधरवडाभर उन्हात वाळवितात, आणि मग ढोलात घालून हळकुंडास पॉलिश करतात. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून सुमारे एकच क्विंटल उरते. इतका सर्व खर्च आधी होतो, पैसा शेवटी येतो. तेव्हा ज्याच्या अंगावर उसनवारी आहे त्यास पहिल्याच आठवड्यात बाजार गाठावा लागतो, आणि त्याच आठवड्यात त्याच्यासारखे आणखी शेकडो जण तेथे आलेले असतात.

ह्यावर एकत्र येणे हा उपाय आहे, हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नाही. एकत्र येऊन पुढे कारभार कसा करावयाचा, प्रश्न तेथे आहे. सन 1904 च्या कायद्याने हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा आरंभ झाला. त्यामागे जर्मनीतील राइफायझेन ह्यांची कल्पना होती: एकमेकांस ओळखणाऱ्या शेजाऱ्यांनी एकमेकांस जामीन राहावे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तेथेच राहिला. उर्वरित देशातही फार मोठे यश आले असे नाही. रिझर्व्ह बँकेने करविलेली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी 1954 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी जेमतेम 3 टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून आलेले आढळले. बाकीचा मोठा हिस्सा सावकाराचाच होता. सहकारी संस्थांत सरकारी हस्तक्षेपही पुढे फार वाढला. म्हणून डॉ. योगिंदर अलघ ह्यांच्या समितीच्या शिफारशींवरून 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन 'उत्पादक कंपनी' हा नवा प्रकार निर्माण झाला. किमान 10 उत्पादक एकत्र आले की ती स्थापता येते. भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. भाग बाहेरच्या सावकारास विकता येत नाहीत. संचालक 5 ते 15, आणि त्यांच्या हाताखाली पूर्ण वेळ काम करणारा एक मुख्य कार्याधिकारी, जो सभासदांपैकी नसावा. नाव कंपनीचे, स्वभाव सहकाराचा, असे हे मिश्रण आहे.

आता एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात सहकार कोठे रुजला? उसात आणि दुधात. प्रवरानगरचा कारखाना धनंजयराव गाडगीळ व विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, आणि 1950 च्या अखेरीस त्याचे गळीत सुरू झाले. ह्या यशाचे श्रेय त्या थोर पुरुषांस आहेच. परंतु थोडे उसासही आहे. तोडलेला ऊस ताबडतोब गाळला नाही तर त्यातील साखर उतरते. तो घरात ठेवता येत नाही, दूर नेता येत नाही. सभासद कारखान्याशी आणि कारखाना सभासदाशी जणू दाव्याने बांधलेला असतो. दुधाचे तर विचारावयासच नको. सकाळचे दूध दुपारपर्यंत थांबत नाही. हळद ह्याच्या अगदी उलट आहे. नीट वाळविलेली हळद कोरड्या जागी वर्षभरही टिकते. शेतकरी ती आज विको, दिवाळीस विको, कंपनीस देवो वा दारी आलेल्या खरेदीदारास देवो. त्यास अडविणारे काही नाही. डेन्मार्कच्या दूधसंघांनी पूर्वी सभासदांकडून सर्व दूध संघासच घालण्याचा करार घेतला होता, असा करार हळदीच्या मुलखात कागदावर करता येईल. पण ज्या दिवशी व्यापारी क्विंटलास दोनशे रुपये अधिक रोख देतो त्या दिवशी तो कागद कोणी उघडूनही पाहत नाही. त्यास बेइमानी म्हणणे सोपे आहे. ज्याच्या घरी बँकेची नोटीस आली आहे, त्याने दोनशे रुपये सोडून कंपनीच्या पंधरा दिवसांनी येणाऱ्या धनादेशाची वाट पाहावी, ही अपेक्षाच अंमळ शहरी आहे.

म्हणजे कंपनीने रोख पैसा दिला पाहिजे. तो आणावयाचा कोठून? केंद्र सरकारने 29 फेब्रुवारी 2020 रोजी 10,000 शेतकरी उत्पादक संस्था स्थापण्याची योजना सुरू केली. सपाट प्रदेशात किमान 300 सभासद, प्रत्येक सभासदाच्या भागभांडवलाइतके, कमाल 2,000 रुपयांपर्यंत, सरकारी अनुदान, आणि पहिल्या 3 वर्षांच्या व्यवस्थापन खर्चासाठी 18 लाखांपर्यंत साहाय्य, असे तिचे ढोबळ स्वरूप आहे. ह्यावर हिशेब मांडून पाहावा. 300 सभासदांनी 2,000 रुपये भरले तर 6 लाख झाले. सरकारचे 6 लाख मिळविले तर 12 लाख. हळदीचा भाव क्विंटलास 10,000 रुपये धरला तर शंभर क्विंटलांची एक मालमोटार भरावयास 10 लाख लागतात. सभासद दरडोई 20 क्विंटल पिकवितो असे मानले तर कंपनीच्या दारात 6,000 क्विंटल, म्हणजे अशा साठ मोटारी, 6 कोटींचा माल उभा राहील. भांडवल एका मोटारीचे, माल साठ मोटारींचा! बँक कर्ज देते, पण तारण मागते. आणि कंपनीच्या नावावर बहुधा एक टेबल, एक संगणक व भाड्याची खोली असते.

पगाराचेही असेच आहे. त्या योजनेत कार्याधिकाऱ्यास दरमहा 25,000 व हिशेबनिसास 10,000 रुपयांपर्यंत धरलेले आहेत. तीन वर्षे सरली की हे 4 लाख 20 हजार वर्षाकाठी कंपनीने स्वतः कमवावयाचे. क्विंटलामागे 100 रुपये सुटतात असे मानले, तरी केवळ दोन पगारांसाठी 4,200 क्विंटल हळद कंपनीच्या काट्यावरून गेली पाहिजे. वीज, भाडे, हमाली आणि लेखापरीक्षकाची फी तर अजून दूरच राहिली. म्हणून चौथ्या वर्षी पुष्कळ ठिकाणी प्रथम कार्याधिकारी जातो, मग हिशेब मागे पडतात, मग बँक तोंड फिरविते. कंपनी मरत नाही. तिची पाटी तेवढी राहते.

व्यवस्थापनाचे पाश्चात्य ग्रंथ उत्तम आहेत, परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: नोकर, ग्राहक आणि मालक ही तीन निरनिराळी माणसे आहेत. शिरड शहापुरासारख्या गावी शेतकरी हाच मालक, तोच माल घालणारा, आणि खत-बेणे घेताना तोच गिऱ्हाईक. त्यात पुन्हा तो कोणाचा तरी मामा असतो. समजा, कृषी महाविद्यालयातून आलेला एक तरुण अशा एखाद्या कंपनीचा कार्याधिकारी आहे. फाल्गुनातील दुपारी अध्यक्षांच्या मेहुण्याची गाडी काट्यावर येते. तरुण ओलावा मोजण्याचे यंत्र लावतो. दहा टक्क्यांची मर्यादा, आणि काटा दाखवितो तेरा.

"मामा, आणखी आठ दिवस ऊन लागू द्या. माल चांगला आहे, पण ओला आहे."

"अरे, घरचीच तर कंपनी आहे बाबा! आठ दिवसांनी गाडीभाडं कोण देणार?"

मामांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. गाडीभाडे खरोखरच जाणार आहे. परंतु ती गाडी आत घेतली तर ती ओली हळकुंडे इतरांच्या कोरड्या मालात मिसळतील, पोत्यास बुरशी येईल, आणि दूरचा गिऱ्हाईक सबंध मोटार परत लावील. परतीचा तोटा मामांच्या एकट्याच्या अंगावर न पडता तीनशे घरांवर पडेल. त्याहून वाईट हे की मागे उभ्या असलेल्या दहा जणांनी ते पाहिले असेल, आणि पुढल्या वर्षी माल नीट वाळविण्याचे कष्ट कोणीही घेणार नाही. राइफायझेनचा 'शेजाऱ्याची ओळख' हा जो आधार, तोच येथे उलटतो. अशा वेळी त्या तरुणाने नियमाचे पुस्तक दाखविले तर तो उद्धट ठरतो. गाडी घेतली तर निकामी. ही गाठ तो एकटा सोडवू शकत नाही. ती अध्यक्षांनीच सोडवावी लागते, आणि तीही गाडी येण्यापूर्वी: पहिल्या सभेत, सर्वांदेखत, स्वतःच्या मेहुण्याचे नाव घेऊन.

गुजरातेत आणंदच्या दूधसंघाची नोंदणी 1946 साली झाली. 1949 साली वर्गीज कुरियन तेथे आले. ते परप्रांतीय, परभाषिक, शिक्षणाने अभियंते. गावोगावच्या शेतकऱ्यांस सांभाळण्याचे काम त्रिभुवनदास पटेल करीत राहिले, आणि यंत्र, बाजार व हिशेब कुरियन ह्यांजकडे राहिले. त्या संघाच्या यशाची चर्चा होताना कुरियन ह्यांचे नाव प्रथम येते. पण ज्यांनी दुसऱ्याच्या कामात हात घालण्याचा मोह आवरला त्या अध्यक्षांचे नाव वस्तुतः त्याच्या शेजारीच घ्यावयास हवे. गावातील मानकरी अध्यक्षास हा मोह आवरणे कठीण जाते, कारण गावात मोठेपणा म्हणजे शब्द टाकणे व तो झेलला जाणे.

हळदीने शेतकऱ्यास बांधून ठेवता येत नाही असे वर म्हटले. मग त्यास कंपनीकडे आणणारे काय? तर जी गोष्ट त्यास एकट्यास परवडत नाही ती. वाफेचा बॉयलर एकट्याने घेणे लहान शेतकऱ्यास झेपत नाही, आणि हंगामात भाड्याच्या बॉयलरसाठी पाळी लावून बसावे लागते. शुद्ध सेलम जातीचे, कीडरहित बेणे एकरी दहा क्विंटलांच्या आसपास लागते; ते विश्वासाने मिळण्याची सोय ही मोठीच सोय. आणि तिसरे, कोठार. राज्य कृषी पणन मंडळाच्या तारण कर्ज योजनेत हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवून तिच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळू शकते. फाल्गुनात पैशाची नड भागते आणि माल श्रावणापर्यंत आपलाच राहतो. अर्थात श्रावणात भाव चढेलच असे नाही. तो उतरलाही आहे, आणि तेव्हा व्याज व तूट दोन्ही शेतकऱ्याच्या माथी आलेली आहेत. कंपनीने माल राखून ठेवण्याचा सल्ला देताना हे आधीच सांगितले पाहिजे. सबंध माल न ठेवता निम्मा विकून निम्मा ठेवावा, हा जुन्या शेतकऱ्यांचा शहाणपणा येथे कोणत्याही वायदेबाजाराच्या आलेखाहून अधिक उपयोगी आहे.

बॉयलर, बेणे, कोठार: ह्या तिन्हींत भांडवल थोडे अडकते, शुल्क रोख मिळते, आणि माल कोणासही विकला तरी कंपनीचे काही बुडत नाही. खरेदी-विक्रीचा मोठा डाव मांडण्यापूर्वी ज्या संस्था ही लहान कामे धरून दोन-तीन हंगाम काढतात, त्यांस चौथ्या वर्षी कार्याधिकाऱ्याचा पगार देता येण्याची शक्यता अधिक. मात्र लहान कामाचे उद्घाटन करावयास मंत्री येत नाहीत, त्यामुळे संचालकांस ते फारसे रुचत नाही, हेही खरे.

चैत्र सरता सरता शिरड शहापूरच्या परिसरातील खळी रिकामी होतात. बेण्यासाठी राखलेले गड्डे झाडाच्या सावलीत, पाल्याखाली झाकून ठेवलेले असतात. ते पुन्हा मातीत जाण्यापूर्वीचे हे चार-सहा आठवडे शेतकऱ्यास थोडी उसंत देतात. सभासदांची सभा भरवावयाची, काट्यावरची वही सर्वांसमोर वाचावयाची आणि मामांच्या गाडीचा नियम ठरवावयाचा, तर तो ह्याच दिवसांत.