टॅब की लॅपटॉप? हत्यार निवडायचे कोणी?



विषय यंत्राचा, आणि त्यावर बोलायला उभे आहोत आम्ही, कामगार संघटनेचे कार्यकर्ते. याचे कोणाला नवल वाटेल. या व्यासपीठावर विद्वान येतात. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकापुढे जास्त झाले. परंतु यंत्राची परीक्षा दोन ठिकाणी होते. एक, ते बनवणाऱ्याच्या टेबलावर. आणि दुसरी, ते दिवसाचे आठ तास हाताळणाऱ्याच्या हातात. या दुसऱ्या परीक्षेचे निकाल आमच्या कचेरीत रोज येतात. तेवढ्याच अधिकारावर आम्ही बोलणार आहोत.

प्रश्न असा की, पोटापाण्याच्या कामात लॅपटॉपची जागा टॅब घेऊ शकेल काय? दुकानदार म्हणतो, केव्हाच घेतली. हिशेबनीस म्हणतो, छे, शक्यच नाही. मालक म्हणतो, टॅब स्वस्त पडतो तेव्हा घेतलीच पाहिजे. आमचे उत्तर आम्ही आधीच सांगून टाकतो. टॅबने लॅपटॉपची जागा घेतली असे जेथे सांगितले जाते, तेथे पुष्कळदा त्याने लॅपटॉपची नव्हे, वहीची जागा घेतलेली असते. आणि वहीची जागा घेताना वहीतली एक मोलाची गोष्ट तो गुपचूप बाहेर ठेवतो. ती गोष्ट कोणती, ते ओघाने येईल.

प्रथम या यंत्राचे कूळ पाहू. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली आणि तिला डायनाबुक असे नाव दिले. मुलाने त्यात नुसते वाचावे असा त्याचा हेतू नव्हता. मुलाने स्वतः रचावे, स्वतः संगणकाला आज्ञा लिहून द्याव्यात, असा होता. म्हणून त्याच्या चित्रातल्या त्या वहीला कळफलकही होता. पुढे २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड जगापुढे ठेवला, तो व्यासपीठावर आरामखुर्चीत बसून. वाचा, पाहा, ऐका, बोट फिरवा. टॅबची कुंडली त्या आरामखुर्चीतच मांडली गेली असे आम्हांस वाटते.

नंतर काय झाले पाहा. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस आणला, त्याच्या झाकणातच कळा बसवल्या. २०१५ मध्ये ॲपलने स्वतःच मोठ्या आयपॅडला कळफलक आणि पेन्सिल जोडली. २०२० मध्ये त्याला बोटाने बाण फिरवण्याची पट्टी मिळाली. २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या लॅपटॉपमध्ये जो एम-१ नावाचा मेंदू होता, तोच आयपॅडमध्ये बसवला. २०२५ मध्ये एकावर एक खिडक्या उघडण्याची सोयही संगणकासारखी झाली. म्हणजे लॅपटॉपची जागा घेण्यासाठी टॅबला एक एक करून लॅपटॉपचेच अवयव लावून घ्यावे लागले. आणि ते सगळे लावल्यावर किंमत आणि वजन यांचा हिशेब केला, तर पुष्कळदा लॅपटॉपच्या घरापाशीच येऊन पोचतो. ताकद कमी म्हणून टॅब मागे पडतो, हे आता खरे राहिलेले नाही. अडचण दुसरीकडे आहे.

आमच्या मते कामाचे दोन प्रकार करावेत. एक उभ्याचे काम आणि दुसरे बसल्याचे काम. उभ्याच्या कामात माणूस फिरत असतो. एका हातात काही धरून दुसऱ्या हाताने नोंद करीत असतो. येथे टॅबला तोड नाही आणि हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांना नकाशांची आणि नियमपुस्तकांची सुमारे सोळा किलो वजनाची बॅग विमानात वाहावी लागे. २०१३ मध्ये तिच्या जागी टॅब आला. खांदे सुटले. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्यातल्या नकाशाच्या ॲपने दगा दिला आणि बरीच उड्डाणे खोळंबली हेही खरे. पण म्हणून कोणी पुन्हा ती बॅग मागितली नाही. आपल्या रेल्वेतील तिकीट तपासनिसांच्या हातात कागदी तक्त्याऐवजी हातयंत्र आले. त्यामुळे कोठली जागा रिकामी आहे ते तेथल्या तेथे कळते. गोदामातला माणूस, रुग्णालयातल्या खाटेखाटेवर जाणारी परिचारिका, इमारतीच्या पायावर उभा असलेला ओव्हरसियर, या सर्वांना ते सोयीचे आहे. बटण दाबताच सुरू होते, फोटो घेते, बोटाने सही घेते. ज्याची नजर मंद झाली त्याला दोन बोटांनी अक्षर मोठे करता येते. पण नीट पाहा, या प्रत्येक ठिकाणी आधी काय होते? बॅग, तक्ता, वही, पॅड. लॅपटॉप तेथे नव्हताच.

आता बसल्याचे काम घ्या. आमच्या कचेरीतलेच उदाहरण देतो. पगारवाढीचा करार झाला, थकबाकी काढायची आहे. एका बाजूला करार, दुसऱ्या बाजूला हजेरीपट, तिसऱ्या बाजूला पगारपत्रक, आणि या तिघांची तोंडे एकमेकांकडे. महागाई भत्त्याचा दर मध्येच बदललेला. कोणी महिनाभर बिनपगारी रजेवर गेलेला. एक रकाना चुकला की खालचे शंभर चुकतात. हे काम टॅबवर करू पाहणारे तरुण सहकारी आमच्याकडे आहेत आणि हुशार आहेत. परंतु काचेवर कळा उमटल्या की अर्धा पडदा झाकला जातो. उरलेल्या अर्ध्यात करार उघडला तर पगारपत्रक मिटते. तासाभराने ते स्वतःच उठून लॅपटॉपकडे जातात, कोणी सांगावे लागत नाही.

टंकलेखन शिकलेल्यांना दुसरी गोष्ट चटकन कळेल. चांगल्या टंकलेखकाची नजर कागदावर असते आणि बोटे कळांवर. दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, त्याच्यावरून बोटाला आपले घर सापडते. काचेला उंचवटा नाही. म्हणून नजर सारखी बोटांकडे वळते, आणि लिहिताना वाक्य तुटते. मजूर आयुक्तांकडे दोन पानांचा मराठी अर्ज करायचा असेल, तर जोडाक्षरे जुळवताना हा फरक चांगलाच जाणवतो. बोलून लिहिण्याची सोय आहे खरी, पण चार माणसे बसलेल्या कचेरीत कोणाच्या बडतर्फीचा मजकूर मोठ्याने कसा सांगणार? शिवाय मान. टॅब टेबलावर आडवा ठेवला की मान खाली वाकते. लॅपटॉपही या दोषातून सुटलेला नाही. त्याचा पडदा आणि कळा एकाच बिजागरीला बांधलेल्या, त्यामुळे हात नीट ठेवावे तर मान वाकते आणि पडदा उचलावा तर हात अवघडतात. आठ तास बसणाऱ्याला पडदा उंच आणि कळफलक वेगळा मिळालाच पाहिजे. ही चैन नव्हे, हा मणक्याचा प्रश्न आहे.

येथवर प्रश्न सोयीचा होता. आता त्याच्या खालचा प्रश्न पाहू. एका कारखान्यात तपासणीच्या कामगारांना टॅब दिले. त्यापूर्वी जाड पुठ्ठ्याची वही असे. तिच्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा. माल योग्य की अयोग्य हे तर लिहायचेच, पण शेऱ्यात माणूस लिहीत असे : ‘यंत्राखाली तेल गळते, फरशी निसरडी’. टॅबमध्ये दोनच चौकोन आले, योग्य आणि अयोग्य. शेऱ्याचा रकाना काढून टाकला, कारण शेऱ्याची बेरीज करता येत नाही. काही महिन्यांनी एक माणूस घसरला, मनगट मोडले. चौकशीत विचारले गेले, तेल गळत असल्याची लेखी नोंद कोठे आहे? तोंडी तक्रार दहा जणांनी केली होती. लिहायला जागाच नव्हती. मंडळी, वहीतून बाहेर ठेवली गेलेली ती मोलाची गोष्ट हीच. तिचे नाव शेरा.

ही एका कारखान्याची गोष्ट नव्हे. टॅबचा धाकटा भाऊ जो मोबाइल, त्याचेही हेच. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आले. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना दिलेले फोन कमी ताकदीचे होते, वारंवार बंद पडत. आणि ॲप इंग्रजीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्यांना यंत्र नको होते काय? मुळीच नाही. त्यांना चालणारे आणि मराठी कळणारे यंत्र हवे होते. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो. फोटो चढला नाही तर राबलेल्या दिवसाची मजुरी अडकण्याची धास्ती. कुदळ मारल्याचा घट्टा हातावर आहे, पण तो पुरावा नाही. पुरावा रेंजच्या मर्जीवर.

तेव्हा लॅपटॉप आणि टॅब यांत आम्ही जो भेद करतो तो हा : एकावर माणूस चौकोन आखतो, दुसऱ्यावर माणूस चौकोन भरतो. यंत्राने असे करावे असा निसर्गाचा नियम नाही. वाटण्याची पद्धत तशी पडली आहे. कचेरीतल्यांना लॅपटॉप, फाटकाच्या आतल्यांना टॅब. त्यात काय असावे, काय नसावे, नोंद कोठे जाते, तिची प्रत कोणाला मिळते, हे भरणाऱ्याला विचारलेले नसते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, अशी म्हण आहे. आजच्या काळात ज्याच्या हाती प्रत, त्याच्या हाती पुरावा.

कोणी म्हणेल, कामगारांचे पुढारी प्रत्येक यंत्राला विरोधच करतात. इतिहास जरा निराळा आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालवला. दोन साच्यांऐवजी तीन साचे गळ्यात घालणे हे त्याच्या मुळाशी होते. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाचे कर्मचारी संगणकाविरुद्ध उठले, ते नोकऱ्यांच्या काळजीने. त्या संगणकाला वाट मिळालीच आणि आज त्यावाचून एकही पॉलिसी निघत नाही. पण म्हणून विचारणाऱ्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. त्यांचा प्रश्न होता, आम्हांला विचारले का? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ९-अ हे कलम होते. यंत्र वा पद्धत बदलल्याने कपात होण्याचा संभव असेल, तर मालकाने आगाऊ नोटीस दिली पाहिजे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत तीच तरतूद ४० व्या कलमात आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू आहे. परंतु टॅब नेहमीच माणूस काढीत नाही. कधी तो फक्त शेरा काढतो. म्हणून नुसत्या कायद्यावर विसंबून चालणार नाही, करारात लिहून घ्यावे लागेल.

काय लिहून घ्यावे? आमच्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी. पहिली, काम उभ्याचे की बसल्याचे हे ते करणाऱ्याला विचारून ठरवावे आणि त्याप्रमाणे हत्यार द्यावे. दुसरी, प्रत्येक नोंदीत शेऱ्याला जागा असावी, आणि ती मराठीत लिहिता यावी. तिसरी, केलेल्या नोंदीची प्रत कामगाराला मिळावी. चौथी, यंत्र फुटले, रिचार्ज संपला, त्याचा भुर्दंड त्याच्या पगारातून जाऊ नये. आणि यंत्र खिशात मावते म्हणून रात्री दहाला काम सांगितले जाऊ नये. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर यंत्रापासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली आहे. तेथे जे मागता आले ते येथे मागण्यात लाज कसली?

सुतार रंधा निवडतो, शिंपी कात्री निवडतो. दुसऱ्याची कात्री चांगला शिंपी हातात घेत नाही. मग दिवसभर काचेवर बोटे घासणाऱ्यालाच आपले हत्यार निवडण्याचा हक्क का नसावा? तो त्याला द्या. मग तो टॅब मागेल, लॅपटॉप मागेल, की कधी जाड पुठ्ठ्याची वहीच मागेल, ते त्याच्यावर सोपवा. त्याचे काम त्याला ठाऊक आहे.